मंडळीतल्या मुलांची कला फक्त नाताळापुरती राहू नये म्हणून काय करता येईल

ताई, जय ख्रिस्त. तुम्ही लिहिलंय की नेरुळला तुमच्या मराठी मंडळीच्या तरुण संघात पंधरा-वीस मुलंमुली आहेत, त्यातली एक मुलगी फार सुंदर चित्रं काढते, एक मुलगा कविता लिहितो, दोघंतिघं गिटार कीबोर्ड वाजवतात, पण डिसेंबर आला की स्टार, गव्हाणी, नाटक, डान्स, आणि जानेवारीपासून त्यांना कोणी विचारत नाही, आता त्यातले दोघं मोठ्या इंग्लिश चर्चला जायला लागलेत. पाळकसाहेबांची तयारी आहे पण पंचांपैकी काही वडीलधारे म्हणतात चित्रं म्हणजे मूर्तिपूजा आणि बाकी सगळं स्टेज शो. तुम्ही कमिटीत नव्या आहात, तर सुरुवात कुठून करू, खर्च किती आणि या वडीलधाऱ्यांचं काय करू असं विचारलंय. मी ठाण्यात शाळेत चित्रकला शिकवतो, आमच्या मंडळीत बरीच वर्षं पेटीवर बसतो आणि तरुणांचा गट सांभाळतो, त्यामुळे जे करून बघितलंय तेच सांगतो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे या मुलांना संधी मिळत नाही हा खरा प्रॉब्लेम नाहीये. संधी मिळते, पण पंधरा दिवस आधी मिळते आणि तयार वस्तू मागितली जाते. बॅनर करून दे, नाटक बसव, तीन गाणी बसवा. पोरगं जे आधीपासून येतं तेच परत करून देतं, कारण नवीन शिकायला वेळच नसतो, आणि असं चार-पाच वर्षं झालं की ते स्वतःच कंटाळतं. त्यांच्याकडून घ्यायच्या आधी त्यांच्यात काहीतरी घालायला लागतं, आणि ते घालण्याची जागा कार्यक्रमाच्या बाहेर असायला हवी. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की नाताळात सुरू करू नका, ईस्टर होऊन गेल्यावर, जून-जुलैत, जेव्हा मंडळीत फारसं काही नसतं आणि बाहेर पाऊस असतो, तेव्हा सुरू करा.

काय सुरू करायचं तर महिन्यातून एक बैठक. स्पर्धा नको, टॅलेंट हंट तर अजिबात नको, स्पर्धेत जो आधीच चांगला आहे तो जिंकतो आणि बाकीचे गप्प होतात. कोणाच्या तरी घरी, दोन तास, शक्यतो शनिवारी संध्याकाळी, कारण रविवारी हार्बर किंवा ट्रान्सहार्बरला मेगाब्लॉक असला की पनवेल आणि घणसोलीकडची मुलं अडकतात आणि मग दोनदा न आलेलं मूल तिसऱ्यांदा येत नाही. आधीच्या महिन्यात बायबलमधला एक भाग ठरवून द्यायचा आणि प्रत्येकाने त्यावरून काहीतरी करून आणायचं. चित्र, चार ओळी, चाल, मोबाईलवर काढलेला फोटो, काहीही, अर्धवट असलं तरी चालेल. रिकाम्या हाताने आलेल्यालाही बसू द्या पण पुढच्या वेळी आणायला सांगा.

बैठकीत दोन नियम मात्र कडक ठेवा. एक, नुसतं छान आहे असं कोणी म्हणायचं नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये मुलाने काहीही केलं की टाळ्या आणि गॉड ब्लेस यू, त्यात प्रेम असतं, पण त्याने हात सुधारत नाही. आधी काय दिसलं ते सांगायचं, तू आकाश अर्ध्या कागदावर ठेवलंस, तिसऱ्या ओळीत अचानक हिंदी शब्द आला, मग करणाऱ्याला विचारायचं हे असं का केलंस, आणि त्याचं ऐकून झाल्यावरच सुचवायचं. पहिल्या तीन-चार बैठकांना मुलं अवघडतात, नंतर तेच एकमेकांना इतकं नेमकं सांगतात की माझी गरज राहत नाही. दुसरा नियम असा की इथे दाखवलेलं काहीही आपोआप उपासनेत किंवा मंडळीच्या यूट्यूबवर जाणार नाही. हे सांगितल्याशिवाय मुलं खरं काही आणतच नाहीत, पाळकसाहेबांना आवडेल असंच आणतात. पाळकसाहेबांना जरूर बोलवा, पण ऐकायला, शेवटी संदेश द्यायला नको, ही विनंती मी स्वतः आमच्या साहेबांना केली होती आणि त्यांनी ती मनापासून पाळली.

भाग निवडताना सोपे आनंदाचेच निवडू नका. स्तोत्र ८८ घ्या. हे स्तोत्र अंधारात संपतं, शेवटी स्तुतीची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि उपासनेत गायला लिहिलेलं आहे. आमच्याकडे एका मुलीने ते वाचून आजीच्या आजारपणावर ओव्या लिहून आणल्या, त्यात देवाला सरळ प्रश्न होते, आणि वाचून झाल्यावर तिने विचारलं की शेवटी हालेलुया टाकू का. मी म्हटलं ज्यांच्या नावावर हे स्तोत्र आहे त्या हेमानाने आणि कोरहाच्या पुत्रांनी जिथे टाकलं नाही तिथे तूही टाकू नकोस. ज्या मंडळीत दुःख फक्त प्रार्थनेच्या विनंतीत येतं आणि गाण्यात येत नाही तिथल्या संवेदनशील मुलांना वाटतं की आपल्या आतलं खरं घेऊन यायला ही जागा नाही, आणि माझं मत आहे की मुलं बाहेर जातात त्याचं हे मोठं कारण आहे, इंग्लिश चर्चचे लाईट आणि साऊंड नंतर.

आता वडीलधाऱ्यांचं. त्यांना टाळून पुढे जाऊ नका, त्यांची भीती शास्त्रातूनच आलेली आहे. निर्गम २० मध्ये कोरीव मूर्ती करू नको असं स्पष्ट आहे. पण त्याच पुस्तकात पाच अध्याय पुढे देव स्वतः कराराच्या कोशावर सोन्याचे करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय जीव, घडवायला सांगतो, याजकाच्या झग्याच्या घेराला डाळिंबं लावायला सांगतो, आणि निर्गम ३१ मध्ये बसालेलला देवाच्या आत्म्याने भरलं असं लिहिलंय, ते कशासाठी तर सोनं, रुपं, पितळ, रत्नं आणि लाकूड यांवर कारागिरी करण्यासाठी. पवित्र शास्त्रात नाव घेऊन अमुक माणसाला आत्म्याने भरलं असं पहिल्यांदा येतं ते एका कारागिराबद्दल, हे वडीलधाऱ्यांसमोर शांतपणे वाचा. आणि मग गणना २१ मधला पितळी साप आणि २ राजे १८:४ शेजारी ठेवा. साप देवाच्याच सांगण्यावरून मोशेने केला, लोक त्याच्याकडे बघून वाचले, आणि पुढे इस्राएल लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीया राजाने तोच फोडून टाकला, आणि शास्त्र त्याची स्तुती करतं. म्हणजे वडीलधारे ज्याला घाबरतात ते खरंच घडू शकतं. त्यामुळे प्रश्न चित्र काढायचं का हा राहत नाही, लोक त्या चित्राचं काय करतात हा राहतो. हे मान्य करून बोललात तर ते ऐकतात, माझा तरी अनुभव तोच आहे.

व्यवहारात वेदीमागच्या भिंतीपासून सुरुवात करू नका. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे संडे स्कूलच्या, खोलीपासून करा, उपासनेच्या पत्रकाच्या पहिल्या पानापासून करा, वचनांच्या सुलेखनापासून करा. देवनागरी अक्षर सुंदर काढायला कोणाचाच विरोध नसतो, आणि बोरू किंवा कट निबने शिरोरेषा सरळ धरायला मुलांना महिने लागतात, त्यात बसण्याची सवय लागते.

आणि एक गोष्ट आवर्जून करा. जे आजोबा सगळ्यात जास्त विरोध करतात त्यांच्या घरी जा आणि त्यांना जुनी गीतं म्हणायला सांगा. अहमदनगर, जालना, सोलापूर, कोल्हापूरहून नोकरीसाठी इकडे आलेल्या पिढीच्या गळ्यात ज्या चाली आहेत त्या कुठेच नीट लिहिलेल्या नाहीत. उपासना संगीत आपल्या सगळ्यांच्या हातात असतं पण ते शब्दांचं पुस्तक, चाल माणसाबरोबर जाते. मुलांना मोबाईल घेऊन पाठवा, आजोबांचं गाणं रेकॉर्ड करा, कोणत्या पट्टीत म्हणतात ते लिहून घ्या, हे गीत कुठे शिकलात ते विचारा, मग गिटारवाल्याला त्याच्यावर कॉर्ड शोधू दे. कॉर्ड सगळीकडे बसत नाहीत, काही चालींना नुसता एक सूर धरून ठेवणंच बरं दिसतं, हे त्याला वाजवतानाच कळतं. आमच्याकडे ज्या काकांनी तरुणांच्या गिटारीवरून सभेत आवाज चढवला होता तेच नंतर मुलांच्या तालमीला येऊन बसायला लागले, चूक झाली की हाताने थांबवायचे.

या मुलांना आपल्याकडे काय होऊन गेलंय हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं ख्रिस्ती संगीत म्हणजे परदेशातून आलेलं आणि आपण त्याचं भाषांतर करणारे. त्यांना सांगा की थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्याला आला, इथली भाषा शिकला आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती म्हणून त्याने पुराण लिहिलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्याच्या आधीपासूनच ते कवी होते, नंतर त्यांनी अभंग, भजन, कीर्तन हे सगळं तसंच चालू ठेवलं आणि त्यात ख्रिस्त गायला, म्हणून शंभर वर्षं उलटून गेली तरी आपण ते दर रविवारी म्हणतो. त्यांचं ख्रिस्तायन अपुरं राहिलं ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं, ज्या बाईला शाळा अशी मिळालीच नव्हती. आणि अगदी आपल्या काळातलं सांगायचं तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. कविता लिहिणाऱ्या तुमच्या मुलाला हे सांगाच, आपण मराठीच्या कडेला उभे आहोत असं त्याला वाटायला नको.

चित्र काढणाऱ्या मुलीला आंजेलो द फोन्सेकांची चित्रं दाखवा, नेटवर मिळतात. १९०२ चा जन्म, गोव्याचे, शांतिनिकेतनला शिकले, त्यांची मरिया साडी नेसलेली आहे, त्यावरून गोव्यात त्यांना फार विरोध झाला आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी बरंच काम केलं. विनायक मासोजी कोल्हापूरचे, तेही शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकले. नक्कल करायला लावू नका, एकच प्रश्न द्या, तुझ्या चित्रातली शोमरोनी बाई विहिरीवर येते की सोसायटीच्या टाकीवर, आणि तिच्या हातात काय आहे.

लिहिणाऱ्यांना छंद शिकवा. मुलं मुक्तछंदात लिहितात ते ठीक आहे, पण गाता यावं असं लिहायचं तर माप लागतं. लहान अभंग सगळ्यात सोपा, आठ आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात यमक. आमच्या एका मुलाने उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर लिहिलं होतं, दार उघडे ठेविले, डोळे वाटेला लागले. मोजून बघा, आठ आणि आठ. हे मूल त्याआधी इंग्लिश वर्शिप गाण्यांची मराठी भाषांतरं करायचं आणि त्यात नेहमी चालीचा जोर भलत्याच अक्षरावर पडायचा, आणि मग गाताना पूर्ण शब्दच तुटायचा. भाषांतरित गाणी बंद करा असं मी म्हणत नाही, मुलांना ती आवडतात, पण त्याच्याबरोबर वर्षातून एक तरी गीत मंडळीने स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं असावं.

पैशाबद्दल विचारलंत. १ इतिहास २५ वाचा, दाविदाने आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांना गायन-वादनासाठी वेगळं काढलं आणि तिथे शिकून तरबेज झालेल्यांची संख्या दिली आहे, २८८. शिकलेले होते, नुसते उत्साही नव्हते. आणि पुढच्याच वचनात लहान-मोठा, गुरू-शिष्य सगळ्यांनी सारख्याच चिठ्ठ्या टाकल्या, त्यामुळे माईक कोणाला आणि पुढे कोण उभं राहणार हे भांडण मिटवायलाही तो अध्याय उपयोगी आहे. तर वार्षिक बजेटमध्ये कलेची एक वेगळी ओळ टाकून घ्या, रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती नाताळ डेकोरेशनच्या खात्यात नको, कारण मग ती थर्माकोल आणि लायटिंगमध्येच जाते. त्यातून आधी शिक्षण. तुमच्या तर हाताशी वाशीला गांधर्व महाविद्यालय आहे, एखाद्या मुलाची किंवा मुलीची वर्षाची फी मंडळीने भरायची आणि बदल्यात तिने संडे स्कूलच्या मुलांना आठवड्याला अर्धा तास शिकवायचं. निर्गम ३५ मध्ये बसालेलला आणि अहलियाबाला दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली असं लिहिलंय, ते इथे लागू पडतं. शाळेतल्या मुलांना एलिमेंटरी, इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसवा, मंडळीतला कोणी चित्रकला शिक्षक असेल तर तो आनंदाने तयारी करून घेईल. त्यानंतर बरा कागद, रंग, तबल्याची नवी पुडी, पेटीचं ट्यूनिंग. नवा मिक्सर किंवा एलईडी वॉल सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर.

एखाद्या मुलाला खरंच आर्टलाच जायचं असेल तर आईवडील घाबरतात, आणि ते साहजिक आहे, भाड्याच्या घरात राहून पोराला कमर्शियल आर्टला पाठवणं सोपं नाही. तिथे पाळकसाहेबांनी घरी जाऊन बोलायला हवं, तुमच्या मुलाला हे देवाकडून मिळालंय एवढं त्यांच्या तोंडून आलं की घरातली हवा बदलते. आणि जे आधीच या धंद्यात आहेत, ऐरोली-महापेला आठवडाभर डिझाईन नाहीतर व्हिडिओ एडिटिंग करतात, त्यांना शनिवारी रात्री अकराला स्लाईड बनवून दे म्हणून मेसेज टाकू नका. मोठ्या कामाचे पैसे द्या, नाही जमलं तर निदान तीन आठवडे आधी सांगा, आणि महिन्यातला एक रविवार त्यांना नुसतं बाकावर बसून उपासना करू द्या.

नाव लिहायला विसरू नका. गीत मंडळीतल्या मुलीने लिहिलं असेल तर स्क्रीनवर आणि पत्रकात तिचं नाव हवं, याने गर्व वाढतो असं कोणीतरी म्हणेलच, त्यांना दाखवा की स्तोत्रांच्या वर आसाफाचं, हेमानाचं, एथानाचं नाव आहे. कायद्याचंही थोडं बघून ठेवा. आपल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, टिळक १९१९ मध्ये गेले म्हणजे त्यांचे शब्द कोणीही नव्या चालीत बांधू शकतो. उपासनेत एखादं गीत म्हणायला कायद्यात सूट आहे, पण आजच्या कोणाचं गाणं किंवा कोणाचा तयार ट्रॅक वापरून व्हिडिओ टाकायचा तर परवानगी लागते, मुलांना हे लहानपणीच कळलेलं बरं.

अजून एक. प्रत्येक चित्रात क्रूस आणि प्रत्येक कवितेत येशूचं नाव मागू नका. ऐरोलीच्या खाडीवर जाऊन फ्लेमिंगो काढणाऱ्या मुलाला यात देव कुठे आहे असं विचारलं तर तो पुढच्या वेळी पक्ष्यांच्या मागे क्रूस घुसवून आणेल आणि चित्र दोन्हीकडून जाईल. स्तोत्र १०४ चा बराच भाग पक्षी, करकोचे, समुद्रातले जीव, रानातले सिंह यांचाच तर आहे. पाऊस कमी झाला की मुलांना स्केचबुक घेऊन एकदा ठाण्याला आणा, मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट हे सोळाव्या शतकात स्थापन झालेलं कॅथलिक चर्च आणि बिशप हेबरनी १८२५ मध्ये प्रतिष्ठापना केलेलं सेंट जेम्स चर्च, दोन्ही एका सकाळीत होतात, आधी फादरांना आणि पाळकांना विचारून घ्या म्हणजे आत बसून काढता येईल. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट घरातली मुलं एकत्र आणता आली तर फारच चांगलं, इकडे ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक, घरांमध्ये लग्नाची जी गाणी आहेत ती आपल्या मुलांनी कधी ऐकलेलीच नसतात.

तर ताई, या महिन्यात कमिटीकडे फक्त एक शनिवारची संध्याकाळ मागा, बजेटचा विषय सहा महिन्यांनी काढा, तोपर्यंत दाखवायला काहीतरी हातात असेल. पहिल्या बैठकीला लूक १५ द्या, तिन्ही दाखले ओळखीचे आहेत त्यामुळे कोणी अडत नाही. जे दोघं दुसरीकडे जायला लागलेत त्यांनाही बोलवा, परत या असं न म्हणता, फक्त काहीतरी करून आणा म्हणून. आणि दोन-तीन बैठका झाल्या की मुलं काय आणतात ते मला लिहा, विशेषतः ती चित्र काढणारी मुलगी, तिला पुढे काय द्यायचं ते तिचं काम बघूनच सांगता येईल.